चौथ्या ओळीतली रोपं

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण सांगताना घोळ नको म्हणून घेते. महमूद. मी मुनीरा. गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीला लागून. आता मुक्काम बहरीन, बुदैयाच्या रस्त्याला अरबाबाची वाडी आहे तिथं. अरबाब म्हणजे मालक. वाडीत तीनशे खजुराची झाडं, बावीस शेळ्या, एक विहीर आणि पंपाच्या खोलीला चिकटून आमच्या दोन खोल्या. महमूद आधी सित्र्याला वेल्डर होते. चौदा वर्षं केलं. मग डोळे बिघडले, डॉक्टरनं वेल्डिंग बंद सांगितलं, तेव्हा या अरबाबानं त्यांचा व्हिसा आपल्याकडे घेतला आणि वाडी सांभाळायला ठेवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तो स्वतः मात्र काल काय बोलला ते आज विसरलेला असतो.

त्या उन्हाळ्यात विहीर खारी झाली. आधीही पाणी मचूळ होतंच, पण आता चूळ भरली की जीभ ओढायला लागली. मुळ्याची पानं कडेनं जळाली. घेवडा तर उगवलाच नाही. अरबाब काठी टेकत आला, वाफ्यांवरून फिरला आणि म्हणाला, खलास. शेजारच्या दोन वाड्यांत जे झालं ते इथंही करू. तिथं भाजीचे वाफे बुजवून निळ्या फरशीचे पोहण्याचे हौद बांधले होते, आणि शुक्रवार-शनिवार लोकांना भाड्यानं द्यायचे. हौदाला माळी लागत नाही. महमूद माळी म्हणून होते. ते त्या रात्री जेवले नाहीत. बावन्न वर्षांच्या, डोळे अधू झालेल्या माणसाला दुसरा व्हिसा कोण देतंय? मुलगी आतिका महाडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

ऑगस्टमध्ये डॉक्टरबाई आल्या. डॉक्टर इख्लास, मूळच्या सुदानच्या, इथं कॉलेजात शिकवतात, माहूजला फ्लॅटमध्ये राहतात. मी आधी औषधाच्या डॉक्टर समजून गुडघा दाखवला. त्यांनी नीट बघितला पण, आणि मग म्हणाल्या, ताई, मी बियाण्याची डॉक्टर आहे. मराठीत म्हणाल्या. मी उडालेच. पुण्याला चार वर्षं शिकल्या होत्या, कोथिंबिरीची घासाघीस करण्याइतकं मराठी आणि बाकी हिंदी. तेव्हापासून मी त्यांच्याशी मराठीतच बोलते, अडलं की हिंदी, तेही अडलं की हातवारे.

त्यांच्याकडे बाजरीच्या सहा पिशव्या होत्या. त्यांचं गाव लढाईत उठलं होतं. माणसं चालत, ट्रकनं, मिळेल तसं तांबड्या समुद्राच्या काठी जाऊन राहिली होती. तिथं तीनशे कुटुंबांना जमीन मिळाली, पण ती कोरडी, आणि विहिरी आमच्यासारख्याच मचूळ. पाऊस पडला तर ऑक्टोबरनंतर थोडा पडतो. या सहांपैकी कुठली बाजरी खाऱ्या पाण्यावर उगवते, ते बघायचं होतं. जी उगवेल तिचं बियाणं एक संस्था विकत घेऊन सप्टेंबरअखेर जहाजानं पाठवणार होती. अरबाबानं वाडीचा कोपरा दिला. आणि देताना म्हणाला, या पाण्यावर काही हिरवं उभं राहिलं तर शेळ्यांना चारा करू, हौद राहू दे. म्हणजे आमचं बिऱ्हाडही त्या सहा पिशव्यांत आलं.

पेरणी डॉक्टरबाईंनी स्वतः केली. दोरीला हात-हातावर गाठी, गाठीखाली खड्डा, खड्ड्यात पाच दाणे. एका जातीची एक ओळ, ओळीत ऐंशी खड्डे. बाईमाणूस गुडघ्यावर चालत सहाही ओळी टाकत गेली, घाम हनुवटीवरून मातीत. सप्टेंबर तोंडावर होता, हवा अशी दमट की वाळत घातलेला कपडा संध्याकाळी जास्त ओला लागायचा. मी ताक घेऊन गेले तेव्हा त्या महमूदना काहीतरी समजावत होत्या, सगळ्या ओळींना पाणी सारखं, विहिरीचंच, वरून काही घालायचं नाही. महमूद मान हलवत होते. मी ताक ठेवलं आणि शेळ्यांकडे गेले. ते बोलणं मी उभं राहून ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

उगवण झाली. मातीवर मिठाची पांढरी साय धरली होती, ती फोडून कोंब वर आले. पाच ओळी बऱ्या होत्या, कुठं दाट, कुठं विरळ. चौथी ओळ मात्र बोडकी. जिथं उगवलं तिथं झुपका, आणि मग सलग चार-पाच हात काही नाही. मी येता-जाता तिच्याकडे बघायची आणि तिथंच थांबायची. शेतात अशी मोकळी जागा राहिली की तिला आमच्याकडे नांगी म्हणतात. नांगी भरल्याशिवाय बाई घरी जात नाही. गेली तर लोक नावं ठेवतात.

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंचा भाऊ बहरीनला येताना वाटेत बेपत्ता झाला. त्या आठ दिवस फोनला चिकटून बसल्या, वाडीवर आल्या नाहीत. फोनवरच महमूदना म्हणाल्या, आता विरळणी करा, खड्ड्यात एकच रोप ठेवा, बाकीची काढून टाका. पहिल्या तीन ओळी महमूदनी केल्या आणि काढलेली रोपं शेळ्यांना टाकली. मग पंपाचा पट्टा तुटला, ते त्याच्यामागे लागले, आणि उरलेल्या तीन ओळी माझ्याकडे आल्या.

आता मला सांगा, हातात जिवंत रोप आहे, समोर मोकळा खड्डा आहे, आणि ते रोप शेळीला टाकायचं? माझ्यानं झालं नाही. चौथ्या ओळीतलं जादाचं रोप मी दोन बोटांत धरून, मुळं न तोडता, एक-एक सोडवलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलं. पानांचे शेंडे नखानं खुडले, म्हणजे रोप उन्हात दमत नाही. ऊन कलल्यावर खड्ड्याखड्ड्यात लावत गेले, अंगठ्यानं माती दाबत. टँकरचं गोडं पाणी घरात होतं, त्यातलं तांब्या-तांब्या प्रत्येकाला. पश्चिमेला खजुराच्या झावळीचा तुकडा खोवला. एवढी अक्कल मला होती की चौथ्या ओळीत चौथ्याच ओळीची रोपं लावावीत, जातीत जात मिसळू नये. अठ्ठावन्न झाली. पाचव्या-सहाव्या ओळीतही नांग्या होत्या, पण तोवर अंधारलं, त्या राहिल्या.

बहरीनला आल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा नखांत चिखल गेला होता. कंबर मोडली, गुडघ्यानं तर शिव्या दिल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी अंघोळीत गाणं म्हटलं. सकाळी महमूदनी ओळ बघितली आणि म्हणाले, वा. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही. तेही आमच्याच गावचे, त्यांनाही भरलेली ओळ दिसली की बरंच वाटतं. तीन दिवस मी गोडं पाणी दिलं, मग झावळ्या काढल्या आणि विहिरीच्या पाण्यावर सोडलं. चार रोपं गेली. बाकीची धरली.

डॉक्टरबाई आल्या त्या अर्ध्या झाल्या होत्या. भाऊ सापडला होता, जिवंत, पायाला गोळी लागलेला. मी त्यांना आधी खायला घातलं आणि मग शेतात जाऊ दिलं. वही घेऊन त्या मोजत गेल्या. पहिल्या ओळीत एक्कावन्न. दुसरीत सत्तेचाळीस. तिसरीत एकोणचाळीस. चौथीत पोचल्या, मोजल्या, परत मोजल्या. शहात्तर. आणि ती बाई मटकन मातीत बसली.

चौथी ओळ त्यांच्या आईच्या गावची होती. बायकांनी पळताना जी बाजरी ओढणीच्या टोकाला बांधून आणली, ती. तिची पोती बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडे अजून विकत मिळत होती. बाकी पाच पिशव्या दुसऱ्या देशांतल्या शेतकी केंद्रांतून आल्या होत्या, आणि पाचवी-सहावी ओळ मोजली तर एकीतही चाळीस भरली नाहीत. काही रोपं मागं दिसतात, त्या म्हणाल्या, पण खाऱ्यातून उगवून आलीत, हेच खूप. त्यांनी माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. तिथूनच फोन लावला, अरबीत भरभर बोलल्या, आणि बोलताना रडत होत्या. अरबाबालाही बोलावलं. त्यानं काठीनं चौथी ओळ वर-खाली बघितली आणि महमूदना म्हणाला, यल्ला, चल, पुढच्या महिन्यात सगळी तीन एकर हीच पेर. महमूदनी दोन्ही हात छातीवर ठेवले.

मी चहा घेऊन उभी होते. मी डॉक्टरबाईंना विचारलं की मोजून तुम्हाला नेमकं काय कळलं? त्या आनंदात होत्या, मला सगळं सांगत बसल्या. प्रत्येक खड्ड्यात पाच दाणे होते. जिथं रोप आहे तिथं दाणा खाऱ्या पाण्यात उगवला. जिथं नाही तिथं मेला. जागा मोकळी असणं हेच उत्तर आहे, ताई. मोकळ्या जागा मोजायलाच मी येते.

मी चहा बांधावर ठेवला आणि घरात जाऊन मासे साफ करायला घेतले.

दुपारी साफी माशाचं कालवण होतं. महमूद दोन घास जास्त जेवत होते, किती दिवसांनी. मी सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला. बराच वेळ काटे बाजूला करत बसले, ताटात काटे नव्हतेच. मग म्हणाले, "तू लबाडी नाही केलीस. चांगलंच करायला गेलीस. आता गप्प राहा. अरबाब पेर म्हणालाय. तिकडंही उगवेल, इंशाल्ला."

"उगवणार नाही," मी म्हटलं. "ऐंशीत बावीसच उगवलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

ते हात धुवायला उठले आणि पाठ करून म्हणाले की मला उद्या हाकललं तर मी सित्र्याला जाणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये हे डोळे घेऊन चढू का. नवऱ्याला तसं बोलावं लागणं, हे कुठल्याच बाईनं ऐकू नये.

तीन दिवस मी गप्प राहिले. त्या तीन दिवसांत माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं. चौथ्या ओळीजवळून जायचं टाळायला मी शेळ्यांना लांबच्या वाटेनं न्यायला लागले. रोपं मात्र झकास वाढत होती, आणि त्यांचा मला राग यायचा. माझ्याच हातानं लावलेल्या रोपांचा राग. असं कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक निरोप पाठवला, आवाजातला. तिकडची कुणी बखीता नावाची बाई. अरबी माझं दुकानापुरतं आहे, पण ती सावकाश बोलत होती आणि मला समजलं. ती म्हणत होती, आमच्या गावचंच बी जिंकलं ऐकून बायका नाचल्या. जमीन दगडासारखी आहे, तरी आम्ही पहाटे उठून खड्डे खणतोय. निम्मे झाले. बी आलं की टाकायचा अवकाश.

मी तो निरोप परत लावला नाही. एकदाच ऐकला तो पुरला. या बायका उपाशीपोटी खड्डे खणतायत, आणि त्या खड्ड्यांत माझं खोटं पडणार. दहा दिवसांनी त्या वाकून बघतील, काही नसेल. पाऊस तेवढा निघून गेलेला असेल. मला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

जहाज रविवारी होतं. तो गुरुवार. मी पंपाच्या खोलीत जाऊन महमूदना म्हटलं, मी डॉक्टरबाईंना फोन करते. ते पट्ट्याला तेल देत होते. तेल देऊन झालं, हात पुसले, आणि खुंटीवरची पिकअपची किल्ली घेतली.

"असं फोनवर सांगतात होय?" ते म्हणाले. "चल."

या माणसाशी माझं लग्न झालं याचा मला आनंद झाला असं मी सव्वीस वर्षांत त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. त्या दिवशीही सांगितलं नाही, गाडीत पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

माहूजला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. जिन्यात माझा गुडघा अडला, महमूदनी दंडाला धरलं. दार डॉक्टरबाईंनीच उघडलं, घरात पाहुणे, पोरं, कोपऱ्यात कालच येऊन पोचलेला, पाय बांधलेला भाऊ. मला आत बसवायला लागल्या. मी उंबऱ्यातच सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. चौथ्या ओळीत तुमच्या बावीस जागाच उगवल्या. बाकीची रोपं मी लावली. नांग्या दिसल्या, भरल्या. मला ठाऊक नव्हतं.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी हिंदीत सांगितलं. मग कळलं. त्या भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या माणसांनी काय खाल्लं असतं?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. महमूद पुढं होऊन म्हणाले की चूक माझी, तुम्ही मला सांगितलं होतं वरून काही घालायचं नाही, मी घरात बोललो नाही. ते खरंही होतं. पण ते म्हणायला ते तीन मजले चढून आले होते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, तुझी कुठली आणि माझी कुठली, आता कोण सांगणार? मी म्हटलं, मी सांगते. माझ्या प्रत्येक रोपाची खालची पानं शेंड्याला खुडलेली आहेत, टोक बोथट आहे. अंधारात हातानंसुद्धा ओळखेन.

तशाच पिकअपमध्ये तिघं बसून वाडीवर आलो. माझी जुनी ओढणी फाडून पट्ट्या केल्या. मी ओळीत वाकून माझ्या रोपाला पट्टी बांधायची, डॉक्टरबाई पानाचं टोक बघून खात्री करायच्या आणि वहीत खूण. चोपन्न पट्ट्या झाल्या. उरली बावीस. डॉक्टरबाईंनी आकडा खोडला आणि नवा लिहिला. मग खजुराखाली जाऊन फोन लावला. त्यांच्या आईच्या गावच्या बाजरीची खरेदी थांबवा, पोती चढवू नका, पहिल्या ओळीची जात घ्या, असं त्यांना सांगावं लागलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मला म्हणाल्या, "आणखी दोन दिवस गेले असते, तर पोती जहाजावर असती. तू आलीस. अल्ला तुला याचं फळ देईल."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं त्या मला हाकलतील, आणि त्या माझे आभार मानत होत्या.

गाडीकडे जाता-जाता त्या थांबल्या. परत ओळीत आल्या, माझ्या पट्टीच्या एका रोपापाशी उकिडव्या बसल्या, बुंध्याची माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. मग मला विचारलं, याला पाणी कुठलं? मी म्हटलं, तीन दिवस घरचं गोडं, मग विहिरीचं. किती मेली? चार. अठ्ठावन्नात चार? पुन्हा विचारलं. मी म्हटलं, त्यात नवल काय. आमच्या गावाला खाडीकाठच्या खाजणात भात असतो, तिथं मीठ इथल्याहून जास्त. खाजणात कोणी बी पेरत नाही. वर घराशेजारी गोड्या मातीत रोप करतात, वीतभर झालं की खाली नेऊन लावतात. बी नाजूक असतं, त्याला मीठ सोसत नाही. रोप जरा थोराड झालं की सोसतं.

डॉक्टरबाईंनी तिथंच मातीत मांडी घातली. त्यांनी वही उघडली आणि मला म्हणाल्या, परत सांग, सावकाश. किती दिवसांचं रोप, किती पाणी, शेंडे किती खुडायचे. मी सांगत होते, त्या लिहीत होत्या, आणि महमूद मधेमधे मला दुरुस्त करत होते, जसं काही आयुष्यभर रोपं यांनीच लावली. मी म्हटलं, तुम्ही बांधावर बसून विडी ओढत होता, ते पण लिहू देत का. त्या दिवशी पहिल्यांदा तिघं हसलो.

तिकडं पिण्याचं पाणी टँकरनं येतं. पेरायला ते पुरणार नाही, पण दोन पराती रोपांना पुरेल, असं डॉक्टरबाईंनी हिशेब करून सांगितलं. आणि बायकांकडे ओढणीत बांधलेलं थोडं बी होतंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर माझा व्हिडिओ घेतला. मी फक्त हात दाखवा म्हटलं, तोंड नको. बोलले मराठीतच, त्या मागाहून अरबी घालणार होत्या. रोप असं धरा. असं खुडा. अंगठ्यानं दाबा, जोरात, त्याला घर लागलंय असं वाटलं पाहिजे.

अरबाबाला महमूदनी स्वतः सांगितलं. सगळं. तो ऐकून घेत होता आणि माझा जीव टांगणीला. शेवटी म्हणाला, म्हणजे ही रोपानं येते, पेरून नाही? महमूद म्हणाले, होय. मग लाव की, तो म्हणाला, तुझी बायको आहे ना. पण निम्म्या जमिनीत. निम्म्यात हौद. आता आम्ही दीड एकर बाजरी लावतो आणि शुक्रवारी महमूद जाळी घेऊन हौदातली पानं काढतात. पोहायला आलेली पोरं त्यांना मामा म्हणतात. त्यांना आवडत नाही, पण गोळ्या दिल्या की तोंडात टाकतात. मी रोज अल्लाचे आभार मानते.

कणसं नोव्हेंबरात धरली. पट्टीवाल्या रोपांची कणसं कोपरापासून मनगटापर्यंत लांब. डॉक्टरबाईंनी वजन केलं, लिहिलं. वहीत चौथ्या ओळीचे आता दोन भाग आहेत.

डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी त्या आल्या आणि मला खाटेवर बसवून फोन समोर धरला. पडद्यावर उंच, काळीसावळी बाई, अंगाला हिरवं वस्त्र गुंडाळलेलं. बखीता. तिनं फोन फिरवून शेत दाखवलं. एका बाजूला जहाजातून आलेली बाजरी, मांडीएवढी, बरी होती. दुसऱ्या बाजूला लहानसा तुकडा, तिथं त्यांचं ओढणीतलं बी, रोप करून लावलेलं, एका रेषेत. मी फोनला नाक लावून बघितलं. लावणी जरा उथळ होती, पण पहिल्या वर्षाला चालतं.

ती भडाभडा बोलत होती, डॉक्टरबाई मला सांगत होत्या. पुढच्या वर्षी बाहेरचं पोतं नको, आमचंच होईल, असं म्हणते. तुझे आभार मानते. मी म्हटलं, तिला सांगा, मी तर घोटाळा करून ठेवला होता, आभार कसले. डॉक्टरबाईंनी तेही सांगितलं. बखीता हसली आणि मग तिनं काहीतरी विचारलं.

"विचारते, हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या आईनं."

"तिचं नाव काय? त्यांच्याकडे ज्यानं शिकवलं त्याचं नाव घेऊन दुआ करतात."

माझी आई जन्मभर दुसऱ्यांच्या खाजणात लावणीला गेली. स्वतःची वीतभर जमीन नव्हती. लोक तिला माझ्या भावाच्या नावानं उबेदची आई म्हणायचे, जमीनवाले ए बाई म्हणायचे. मी बहरीनला आले त्याच वर्षी गेली आणि मला मातीला जाता आलं नाही. तिचं नाव मला किती वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं.

"सुमय्या," मी म्हटलं.

बखीतानं मागं वळून ते नाव मोठ्यानं सांगितलं. रोपांच्या ओळीत वाकलेल्या सात-आठ बायका कंबर धरून उभ्या राहिल्या. त्यांनी मातीचे हात तसेच वर केले, आणि माझ्या आईचं नाव त्यांच्या बोलीत, एकीमागून एक, घेतलं. पंपाच्या दारात महमूद उभे होते. त्यांनी पंप बंद केला, डोक्यावर रुमाल टाकला आणि इथूनच आमीन म्हणाले.